तारीख नव्हे, मजकूर बदला

रोज काहीतरी नवे टाकल्याने संकेतस्थळ गूगलच्या निकालांत वर येते, या समजुतीपायी पुष्कळांचा वेळ वाया जातो. त्याऐवजी महिन्यातून एकदा सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनातील परफॉर्मन्स अहवालात गेल्या ३ महिन्यांची मागील वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करून क्लिक घटलेली पाने शोधावीत आणि त्यांतला शिळा मजकूर खरोखर सुधारावा. मालवणच्या घरगुती निवासाच्या पानावर अजून २०२३ चेच दर आणि बंद झालेला फोन क्रमांक असेल, तर सुरुवात तिथूनच करावी, कारण पर्यटकाला नेमके तेच हवे असते. मग साइटमॅपमधील, म्हणजे सर्च इंजिनांसाठी ठेवलेल्या पानांच्या यादीतील, ‘लास्टमॉड’ (पान शेवटचे बदलल्याची) तारीख बदलावी. (त्याच यादीतील ‘चेंजफ्रीक’, म्हणजे पान किती वेळा बदलते ही नोंद, भरण्यात वेळ घालवू नये, गूगल ते वाचतच नाही.) मजकूर तसाच ठेवून नुसती तारीख मात्र कधीही पुढे ढकलू नये, ती विश्वासार्ह नाही असे आढळल्यास गूगल तिच्याकडे दुर्लक्ष करते.