पंचगंगेतल्या माशांची लांबी आणि वजन यांचा मेळ कसा घालावा

बाजारात मरळ घेताना आपण वजन विचारतो, लांबी कुणी विचारत नाही. पण मासा पोटभर खाऊन वाढलाय की उपाशी राहिलाय, हे नुसत्या वजनावरून समजत नाही. लांबीच्या मानानं वजन किती, हे पाहावं लागतं. पंचगंगेत मेलेले मासे तरंगायला लागले की बातमी होते. त्याआधी ते रोडावत चालले होते का, हे सांगायला कुणाकडे तरी जुनी वही असावी लागते. ती वही शाळेतल्या मुलांनासुद्धा ठेवता येते.

आधी जात ठरवा. मरळ, शिंगटा, वाम यांची पानं वेगवेगळी हवीत. वाम लांबडी आणि सडपातळ. तेवढ्याच लांबीचा मरळ तिच्यापेक्षा कितीतरी जड भरतो. दोन्ही एका हिशेबात घातले तर उत्तराला अर्थच राहत नाही. रोहू, कटला मूळचे उत्तरेकडचे आणि चिलापी आफ्रिकेतली. तीही आपल्याकडे मिळतात, पण त्यांना या वहीत घेऊ नका.

मोजण्यासाठी मुद्दाम मासे मारू नयेत, असं माझं ठाम मत आहे. जाळं काढून काठावर आलेल्या भोई मंडळींना विचारा, विक्रीला जाण्याआधी मोजू देतात. एका जातीचे निदान ३० मासे हवेत, आणि ते लहानमोठे हवेत. एकाच आसाच्या (म्हणजे भोकाच्या मापाच्या) जाळ्यात बहुतेक एकाच मापाचे मासे अडकतात, म्हणून दोन-तीन जाळ्यांतले घ्या. कोल्हापूर शहराच्या वरच्या अंगाचे, प्रयाग चिखलीचे, आणि शहराच्या खालच्या अंगाचे मासे वेगळे लिहा. पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, त्यांचं वजन फुगलेलं येतं. त्यांना पकडूच नये. आलेच तर महिना लिहून बाजूला ठेवा.

लांबीसाठी एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका टोकाला उभी पट्टी ठोका आणि तिथूनच शून्य धरून मिलिमीटरची मोजपट्टी चिकटवा. माशाचं तोंड मिटून उभ्या पट्टीला टेकवा, अंग सरळ करा. आता शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की शेपटीचा मांसल भाग संपतो तिथपर्यंत, हे पहिल्याच दिवशी ठरवून पानावर लिहा. जाळ्यात शेपूट फाटते, म्हणून मला दुसरं माप जास्त भरवशाचं वाटतं. टेप माशाच्या अंगावरून वळवून मोजू नका. भरल्या पोटाचा मासा उगाच लांब दिसेल. मासा जिवंत असेल तर हात आणि फळी ओली ठेवा आणि काम आटोपताच त्याला पाण्यात सोडा.

वजन ग्रॅममध्ये घ्या. अंगावरचं पाणी निथळू द्या, भांड्याचं वजन वजा करा. बोटाएवढ्या माशांना ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

आता हिशेब. लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणून वजन साधारण आठपट व्हायला हवं. म्हणजे वजन लांबीच्या घनाच्या मागे जातं. प्रत्यक्षात घातांक नेमका ३ येत नाही, बहुधा २.५ ते ३.५ च्या दरम्यान येतो. सूत्र असं: वजन = अ × (लांबी)चा ब घात. यात लांबी सेंटिमीटरमध्ये धरा. दोन्ही बाजूंचा लॉग (१० च्या पायाचा लॉगॅरिदम) घेतला की ते सरळ रेषेचं होतं: लॉग वजन = लॉग अ + ब × लॉग लांबी.

समजण्यापुरते दोन आकडे घेऊ. २० सेंटिमीटरचा मासा ८० ग्रॅम, ४० सेंटिमीटरचा ६०० ग्रॅम. लांबीच्या लॉगमधला फरक ०.३०१०, वजनाच्या लॉगमधला ०.८७५१. भागाकार २.९१, हाच ब. त्यावरून अ येतो सुमारे ०.०१३, आणि ३० सेंटिमीटरचा मासा साधारण २६० ग्रॅमचा असावा असं निघतं. खरं काम करताना मात्र सगळ्या माशांचे लॉग एक्सेलमध्ये दोन रकान्यांत भरा. ‘स्लोप’ ब देतं, ‘इंटरसेप्ट’ लॉग अ देतं. आलेख काढायला विसरू नका. एखादा ठिपका रेषेपासून फार दूर पडला तर बहुधा आकडा लिहिताना चुकलेला असतो, किंवा जात ओळखताना गफलत झालेली असते.

ब ३ पेक्षा जास्त आला तर मासा वाढता वाढता अंगानं भरतोय, कमी आला तर लांबट होतोय. दुसऱ्या नदीचे अ आणि ब उसने घेऊन आपल्या माशांचं वजन काढू नका.

एकेका माशाची तब्येत पाहायला सोपा आकडा आहे: ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. वरचा २० सेंटिमीटरचा मासा १.० देतो. त्याच जातीचे, त्याच मापाचे, त्याच जागचे मासे पुढच्या वर्षी त्याच महिन्यात सरासरी ०.८ वर आले, तर त्यांना अन्न कमी पडतंय किंवा पाणी बिघडलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. मग वरच्या अंगाला चालत जा, नदीत कुठून काय मिसळतंय ते पाहा आणि तेही तारखेसकट त्याच वहीत लिहा.