मे महिन्यात बेटावरचा दिवा तपासताना

वेंगुर्ला रॉक्ससारख्या खडकाळ बेटावर जहाजांना इशारा देणारा लुकलुकता सौर दिवा असेल, तर पावसाळ्याआधीची शेवटची खेप मे महिन्यात होते. त्यानंतर थेट नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत होडी लागत नाही. म्हणून या खेपेला दिव्यापेक्षा बॅटरीला जास्त वेळ द्या.

भर दुपारी मल्टिमीटर लावला की १४ व्होल्ट दिसतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण ते व्होल्ट पॅनलचे. मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा उन्हात तेवढे दाखवते. त्यामुळे आधी पॅनलची वायर सोडवा. क्रम चुकवू नका: सोडवताना आधी पॅनल, मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी. उलट केलंत, तर पॅनलचे २१ व्होल्ट चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधून फ्लॅशरपर्यंत, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या सर्किटपर्यंत, पोचू शकतात.

आता अंधार-उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर काळं फडकं बांधा. दिवा लगेच लागणार नाही. ढग आडवा आला म्हणून तो लागू नये यासाठी मुद्दाम काही मिनिटांचा उशीर ठेवलेला असतो. लागला की स्टॉपवॉच घ्या आणि दहा आवर्तनं (एकदा पेटल्यापासून पुन्हा पेटेपर्यंत एक) सलग मोजून दहाने भागा. एकच आवर्तन मोजलं तर बोटाची चूक त्यातच मिसळते. दिवा तासभर चालू द्या, मग बॅटरी मोजा. ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची, पाणी घालायची) बॅटरी भरलेली असेल तर १२.४ ते १२.५ व्होल्ट, निम्मी असेल तर १२.१च्या आसपास.

बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर डिस्टिल्ड वॉटर टाकण्याआधीच लावा. नंतर लावलात, तर वर तरंगणारं पाणीच मोजाल. भरलेल्या सेलला १.२४० यायला हवं. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०३०ने खाली असेल, तर तो पावसाळा काढणार नाही.

हिशेब साधा आहे. दिवा २ अँपिअरचा, १० सेकंदांत २ सेकंद पेटणारा, रात्र १२ तासांची: ४.८ अँपिअर-तास. फ्लॅशर आणि देखरेखीची यंत्रणा मिळून दिवसरात्र ०.१ अँपिअर, म्हणजे आणखी २.४. रोजचे ७.२. ऊन नसलेले २० दिवस धरले तर १४४. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून ३०० अँपिअर-तासांची लागते.

पॅनल दक्षिणेकडे, साधारण १६ अंशांवर कललेलं हवं. त्यावरची पक्ष्यांची वाळलेली शीट खरवडू नका, गोड्या पाण्याने भिजवून काढा. लेन्स अॅक्रिलिकची असेल तर स्पिरिट, थिनर लांब ठेवा, बारीक भेगा पडतात. आधी नुसतं पाणी ओतून मीठ वाहू द्या, मगच सुती फडकं फिरवा. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर काढून पेट्रोलियम जेली लावा.

सेन्सरची काच शेवटी पुसा. तिच्यावर शीट पडली की दिवा दिवसाही जळतो, रोजचा खर्च १२ अँपिअर-तासांवर जातो आणि वीस दिवसांची बॅटरी बारा दिवसांत निम्मी होते. विसरलेलं काळं फडकंही हेच करतं. ते सोडा, दिवा विझल्याचं डोळ्यांनी बघा, मगच होडीकडे उतरा.