मिडलवेट की लिटर स्पोर्टबाइक? तुलना करताना या चुका टाळा

मिडलवेट म्हणजे साधारण ६०० ते ७०० सीसीची स्पोर्टबाइक, लिटर म्हणजे साधारण हजार सीसीची. स्पेक शीट उघडली की नजर आधी पॉवरवर जाते आणि तुलना तिथेच बिघडते. यामाहा आर६ घ्या. ५९९ सीसीमधून सुमारे ११८ पीएस (पॉवरचं एकक), पण ते १४,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या झाल्यावर. ६१.७ एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ) मिळतो तोसुद्धा १०,५०० ला. रस्त्यावर सुई तिथवर नेली तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादा मागे पडलेली असते. त्याच कंपनीची आर७ म्हणजे ६८९ सीसी, दोन सिलिंडर, ७३ पीएस. कागदावर अगदीच मवाळ. पण तिचा ६७ एनएम टॉर्क ६,५०० लाच हाताशी येतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना किंवा ट्रक ओलांडताना गिअर पाडायची घाई होत नाही. रस्त्यासाठी तुलना करायची तर ३,००० ते ८,००० आरपीएममध्ये गाडी काय करते ते बघा. रेडलाइनचं, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांचं, कौतुक ट्रॅकवर.

सगळ्या मिडलवेट एकाच मापाने मोजू नका. चार सिलिंडरची ६०० आणि दोन सिलिंडरची ६५०-७०० यांच्यात स्वभावाचा जो फरक आहे, तो कधीकधी ६०० आणि लिटरमध्येही नसतो. निव्वळ रस्त्यावर चालवायची असेल तर माझं मत सरळ ट्विनला, म्हणजे दोन सिलिंडरवालीला. चार सिलिंडरची ६०० ही रस्त्यावर सर्वांत जास्त मेहनत करून घेणारी स्पोर्टबाइक आहे.

‘आधी ६०० शिकायला, मग लिटर’ हा सल्ला फारच सहज दिला जातो. आर६ आणि यामाहाचीच लिटर बाइक आर१ यांच्या सीटच्या उंचीत जेमतेम ५ मिमीचा फरक, वजनात साधारण १० किलोचा. बसण्याची पद्धत तितकीच वाकलेली, ब्रेक तितकेच धारदार. यात शिकाऊ काय आहे? ६०० वळायला चपळ वाटते ती वजनापेक्षा हलक्या क्रँकमुळे (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि मागच्या अरुंद टायरमुळे (बहुधा १८०, लिटरला १९० किंवा २००).

उलट लिटर बाइक हायवेवर निवांत असते. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी फिरतं आणि मागे कुणी बसलं तरी दम लागत नाही. धोका आहे तो उजव्या मनगटात. पहिला गिअरच ताशी १४० किमीच्या पुढे जातो, त्यामुळे हाताची छोटीशी चूकही महाग पडते. म्हणून जुनी लिटर बाइक बघताना ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस आहे का, हे सीसीच्या आधी विचारा. २०१५च्या आर१मध्ये सहा अक्षांचा आयएमयू, म्हणजे गाडीचा झुकाव आणि हालचाल मोजणारा सेन्सर, आला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत वळणातला झुकाव ओळखणारं काहीच नव्हतं.

टेस्ट राइडमधला दोष सीसीच्या माथी मारू नका. इथे सर्वांत जास्त गल्लत होते.

कमी वेगात गाडी धक्के देतेय? आधी चेनचा ढिलेपणा आणि थ्रॉटलचा फ्री प्ले (मुठीची मोकळी फिरक) बघा, मग रेन मोड (पॉवर सौम्य करणारी सेटिंग) असेल तर तो लावून पुन्हा चालवा. वळायला जड वाटतेय? मागचा टायर मधोमध घासून सपाट झाला असेल किंवा पुढच्यात हवा कमी असेल. खड्ड्यांवर पाठ मोडतेय? ट्रॅकसाठी कसलेलं सस्पेन्शन तसंच राहिलेलं असतं. स्वार बसल्यावरचा सॅग (सस्पेन्शन किती खाली दबतं ते) ३०-३५ मिमीच्या आसपास आणा, कम्प्रेशन डॅम्पिंग (दबताना होणारा विरोध) थोडं सोडा. मनगटं दुखत असतील तर टाकी गुडघ्यांनी धरा, हँडलवर भार टाकू नका. तरीही दुखलं, तर ती गाडी तुमच्या अंगाची नाही. मग ती ६०० असो की हजार.

आणि दहा मिनिटांची मोकळ्या रस्त्यावरची चक्कर पुरत नाही. सिग्नलच्या गर्दीत गाडी अर्धा तास चालवून बघा. फॅन सुरू होणं हा बिघाड नव्हे, पण लिटरची ती गरम हवा मांड्यांना रोज सोसवेल का, हे तेव्हाच कळतं.