सावंतवाडीत राहायला येताय? या चुका टाळा

डिसेंबरातल्या संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसलं, की समोरचा राजवाडा, वरचा नरेंद्र डोंगर आणि पाण्यात हलणारे दिवे पाहून पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतंच, की आता इथेच राहायचं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. सात वर्षं झाली, आम्ही वाडीतच आहोत. (इथले लोक सावंतवाडीला नुसतं ‘वाडी’ म्हणतात.) आता इथून हलायचा विचारही येत नाही. पण पहिल्या दीड वर्षात जे सोसलं, त्यातलं निम्मं सहज टाळता आलं असतं. आमच्यानंतर ओळखीतली काही कुटुंबं आली, त्यातली दोन परत गेली. गावाला कंटाळून नाही, चुकीच्या घरामुळे गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

घर डिसेंबरात ठरवू नका

सगळ्यात मोठी चूक हीच. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सावंतवाडीत तो ३००० मिलिमीटरच्या वर जातो. ३० किलोमीटरवरच्या आंबोलीत तर सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास. हे आकडे वाचून काही कळत नाही. जुलैत सलग नऊ दिवस ऊन दिसलं नाही, की कळतं.

त्यामुळे विकत घ्यायचं असो की भाड्याने, घर एकदा जुलै-ऑगस्टमध्ये बघाच. जमलं तर जून ते सप्टेंबर आधी भाड्याने राहून काढा. मुसळधार पावसात घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी कुठे जातं? मागच्या दरडीतून पाझर येतो का? वरच्या घराचं पाणी आपल्या अंगणातून वाहतं का? सावंतवाडी डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात आहे, तेव्हा वरून आलेलं पाणी कुठून तरी वाट काढणारच. जवळ व्हाळ (ओढा) असेल, तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘पाणी खंयपर्यंत (कुठपर्यंत) येता?’ ते हाताने भिंतीवर खूण दाखवतात. ती खूण कुठल्याही कागदापेक्षा खरी.

तळ्याकाठचंच घर हवं असा हट्ट असेल, तर संध्याकाळी सहा ते नऊ तिथे उभे राहून बघा. अख्खं गाव तेव्हा तळ्यावर फिरायला येतं. नारळी पौर्णिमेला आणि गणेश विसर्जनाला गर्दी तिथेच. मंगळवारी आठवडा बाजार. ज्यांना हे आवडतं त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही. ज्यांना शांतता हवी, त्यांनी तळ्यापासून दहा-पंधरा मिनिटं चालत जावं लागेल असं, जरा उंचावरचं घर बघावं आणि तळ्यावर रोज फिरायला यावं.

भिंतीला आलेला बुरा कसा घालवायचा

जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. हा दगड सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि वारा लागला की सोडतो. आम्ही उत्साहात आतून ऑईलपेंट लावला. पहिल्याच पावसात भिंतीला फोड आले, कारण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायची वाटच आम्ही बंद केली होती. तुमचंही तसंच झालं असेल, तर वर आणखी एक हात मारू नका. एप्रिलमध्ये सगळा रंग खरवडून काढा, भिंत महिनाभर उघडी सुकू द्या आणि मग चुना लावा. त्याआधी ओल वरून येते की खालून, ते बघा. डाग छताजवळ असेल तर कौल फुटलं किंवा सरकलंय. जमिनीपासून हात-दीड हात वर चढला असेल, तर बाहेर पायाशी पाणी साचतंय. तिथे चर खणून पाणी काढून दिल्याशिवाय कुठलाही रंग टिकत नाही.

कौलारू घराची शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट बसवून घेणं, मेच्या शेवटच्या आठवड्यात करू असं म्हणाल, तर माणूस मिळणार नाही. त्या आठवड्यात सगळ्या गावाला तोच माणूस हवा असतो. एप्रिलमध्येच सांगून ठेवा.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. प्लायवूड फुगतं, चामड्याच्या चपलांवर पांढरा-हिरवा थर येतो, पुस्तकांची पानं चिकटतात. डांबराच्या गोळ्यांनी कसर मरते, बुरा जात नाही. आमच्याकडे एका शेजारीणकाकूंनी कपाटाच्या तळाशी कमी वॅटचा जुन्या पद्धतीचा गरम होणारा बल्ब लावायला सांगितला. तो कपड्यांपासून दूर, जाळीच्या आत ठेवायचा. गेली पाच वर्षं आमच्या साड्या त्यावरच टिकल्या आहेत.

एवढा पाऊस असून मेमध्ये विहीर आटू शकते, कारण जांभ्यातून पाणी झरझर खाली निघून जातं. विहीर असलेलं घर घेताना तिचा तळ मेच्या मध्यावर बघा.

सातबारा बघितला म्हणजे झालं, असं नाही

कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं आहे. निम्मी मंडळी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. ‘आमची वाटणी तोंडी झालीय’ असं मालक मनापासून सांगतो आणि ते खरंही असतं, पण कागद तसं म्हणत नाही. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांशिवाय व्यवहार करू नका. जुने फेरफार काढा, कुळाची नोंद आहे का बघा, वकिलाकडून ३० वर्षांचा शोध घ्या आणि भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात सरसकट शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही अनेकांना इसार दिल्यावर कळतं.

आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे संस्थानकाळापासून गावाच्या सामाईक ताब्यात असलेल्या जमिनींच्या मालकीचा, प्रश्न वेगळाच आहे. तिथली जागा कुणी स्वस्तात दाखवली, तर स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

आमची चूक वाटेची होती. घरापर्यंतची वाट पिढ्यान्पिढ्या वापरातली, पण नकाशावर नव्हती. वर्षभराने शेजारच्यांनी कुंपण घालायला घेतलं. भांडलो असतो तर कोर्टातच राहिलो असतो. आम्ही दोघं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो, तीनदा गेलो, आणि शेवटी वहिवाट लिहून घेतली. त्यांच्या बाजूनेही म्हणणं होतं, ते आम्ही आधी विचारलंच नव्हतं.

वीज आणि घरून काम

घरून काम करणाऱ्यांनी एकाच इंटरनेटवर विसंबू नये. फांदी तारेवर पडली की वीज आणि नेट दोन्ही जातात. मोबाइलची रेंज अंगणात बघू नका, माजघरात बघा. चिऱ्याच्या जाड भिंतीत ती अडते. इन्व्हर्टर हवाच. विजांचा खरा जोर मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरात असतो. गडगडायला लागलं की राउटरची तारसुद्धा काढून ठेवा. आमचे दोन राउटर त्यात गेले. अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं.

आजारपणाचा विचार आधी करा

म्हातारे आईवडील सोबत येणार असतील, तर हा विषय घराच्याही आधी. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, चांगले डॉक्टर आहेत. पण हृदयविकार किंवा मोठा अपघात झाला, तर बहुतेकांना गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला हलवतात. हा प्रवास रात्री, पावसात कसा कराल ते आधी ठरवा. आरोग्य विम्याच्या कॅशलेस यादीत गोव्यातली रुग्णालयं आहेत का, तेही बघा. १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

फुरसं आणि घोणस हे विषारी साप इथल्या जांभ्यात, पाचोळ्यात असतात. संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका. सर्पदंश झाला तर बांधाबांध, चिरा घेणं असलं काही न करता थेट रुग्णालय. २०१६ नंतर दोडामार्ग आणि बांदा भागात माकडतापाचे रुग्ण आढळले. तो गोचिडीतून पसरतो, म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी फिरून ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका त्यांना वेळेत यायला हवी.

माणसं

‘खंय चललात?’ हा प्रश्न रोज ऐकाल. ती चौकशी नसते, ती विचारपूस असते. ‘बाजारात’ म्हटलं की पुरे. गाव कुठलं, आडनाव काय, हेही विचारतील. शहरातून आल्यावर पहिले काही महिने मला ते टोचायचं. मग आजारी पडले तेव्हा त्याच माणसांनी पेज आणून दिली.

चतुर्थीच्या आसपास घराचं काम काढू नका. सुतार, प्लंबर, गवंडी सगळे आपापल्या घरी गणपतीच्या तयारीत असतात आणि ते तसंच असायला हवं. सामानाचा ट्रकसुद्धा मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणा. घाटात दरड आली की तो अडकतो. मुंबईला जायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या दिवसांतलं त्याच सकाळी संपतं. स्टेशन गावाबाहेर आहे, रात्रीची गाडी असेल तर रिक्षा आधी सांगून ठेवा.

आणि जुलै-ऑगस्टात पंधरा दिवसांसाठी कुठे जाणार असाल, तर घर बंद ठेवून जाऊ नका. किल्ली शेजारी द्या. उघडीप पडली की शेजारची माणसं स्वतःहून येऊन खिडक्या उघडतील, गाद्या उन्हात टाकतील आणि तुम्ही परत याल तेव्हा घराला कुबट वास येणार नाही.