डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसेल तर चिठ्ठी द्या

लिंगाला नीट ताठरता येत नसल्याची तक्रार घेऊन गेलेला माणूस बऱ्याचदा 'जरा थकवा वाटतो' एवढंच बोलून परत येतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे घरीच चिठ्ठी लिहायची आणि आत गेल्यावर डॉक्टरांच्या हातात द्यायची. पहिलं वाक्य चिठ्ठीनं बोललं की पुढचं जमतं.

चिठ्ठीत एवढं हवं:

१. त्रास कधीपासून आहे, हळूहळू वाढला की अचानक सुरू झाला.
२. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का. हा प्रश्न हमखास विचारतात. येत असेल तर कारण मानसिक ताणाचं असण्याची शक्यता वाढते.
३. चालू असलेली सगळी औषधं. रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. पाकिटांचे फोटो काढून नेले तरी चालतं.
४. मधुमेह, हृदयविकार, तंबाखू, दारू. इथे खोटं लिहू नका, नुकसान आपलंच.

डॉक्टर रक्तदाब मोजतील, गरज वाटली तर जननेंद्रियाची तपासणी करतील. ती दोन-चार मिनिटांची असते. साखर, कोलेस्टेरॉल आणि बऱ्याचदा टेस्टोस्टेरॉन (पुरुषांमधलं मुख्य लैंगिक संप्रेरक) तपासायला सांगतात. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळीच, शक्यतो ११ च्या आत द्यावं. दुपारनंतर पातळी उतरते.

छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे घेत असाल तर ते चिठ्ठीत सगळ्यात वर लिहा. त्यासोबत सिल्डेनाफिलसारखी ताठरतेसाठीची गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक इतका खाली जातो. मित्रानं दिलेली गोळी तर नकोच.