मॉडेलिंगमध्ये करिअर करताय? कॅमेऱ्यामागच्या या चुका टाळा

चाल सुधारता येते, पोझ शिकता येते. न वाचता केलेली सही मात्र वर्षानुवर्षं छळते. म्हणून इथे रॅम्पपेक्षा कागदांबद्दल जास्त बोलायचं आहे.

पहिली चूक बहुतेकांकडून दारातच होते: एजन्सीने मागितले म्हणून पैसे भरणं. खरी एजन्सी तुम्हाला मिळालेल्या कामातून कमिशन घेते, साधारण 20 टक्के. नोंदणी फी मागणारी किंवा ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’ म्हणून अडून बसणारी एजन्सी तुमच्या कामावर नाही, तुमच्या हौसेवर कमावते. नव्या चेहऱ्याकडून सुरुवातीला हवे असतात ते फक्त ‘डिजिटल्स’: दिवसाच्या उजेडात, मेकअपशिवाय, अंगाबरोबर बसणाऱ्या साध्या कपड्यांत, समोरून आणि बाजूने काढलेले फोटो. ते घरी फोनवरही निघतात.

कास्टिंगला बोलावणी येतात, पण काम मिळत नाही? आधी हेच डिजिटल्स तपासा. फोटोत लांब केस आणि समोर आलेली मुलगी बॉबकटमध्ये, असं झालं की क्लायंटचा विरस होतो. केस कापण्याआधी बुकरला, म्हणजे एजन्सीत तुमची कामं ठरवणाऱ्या माणसाला, विचारा. उंची आणि मापंही खरीच लिहा. कंबर एक इंच कमी सांगितली तर फिटिंगच्या वेळी चेन लागत नाही आणि सगळ्या टीमचा वेळ जातो. ही गोष्ट लोक विसरत नाहीत. आणखी एक: ‘ऑप्शन’ म्हणजे पक्कं काम नव्हे. क्लायंटने तारीख फक्त राखून ठेवलेली असते आणि तो ती कधीही सोडू शकतो. बुकिंग कन्फर्म होईपर्यंत तिकीट काढू नका.

काम भरपूर, तरी हाती पैसे नाहीत, ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. प्रवास, राहण्याची खोली, टेस्ट शूट (पोर्टफोलिओसाठीचं सरावाचं शूट), कॉम्प कार्डची (फोटो आणि मापं असलेल्या कार्डाची) छपाई हा खर्च एजन्सी अनेकदा आधी करते आणि तुमच्या नावावर उधार मांडते. ती उचल असते, भेट नव्हे. काही मॉडेल्स अख्खा सीझन राबूनही एजन्सीच्या कर्जातच राहतात. दर महिन्याला हिशेब मागा, प्रत्येक वजावटीचं बिल मागा. मागायला संकोच वाटतो, हे खरं आहे, तरीही मागा. न्यूयॉर्कमध्ये जून 2025 पासून लागू झालेल्या कायद्याने एजन्सीच्या कमिशनवर 20 टक्क्यांची मर्यादा घातली, सही करताना फी किंवा डिपॉझिट मागायलाही बंदी केली. मॉडेल्सनी स्वतः लढून मिळवलेला हा कायदा आहे.

करारात सर्वात महाग पडणारा भाग म्हणजे वापराचे हक्क. शूटच्या दिवसाचं मानधन वेगळं, फोटो वापरण्याचे पैसे वेगळे. फोटो कुठल्या माध्यमात, कोणत्या देशांत, किती काळ वापरणार, हे लिहिलेलं नसेल तर एका दिवसाच्या पैशांत तुमचा चेहरा वर्षानुवर्षं जाहिरातीत राहू शकतो. ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ असे शब्द दिसले की थांबा आणि वकिलाला दाखवा. एक्सक्लुझिव्हिटीचंही तसंच: एका शाम्पूसाठी बांधले गेलात, तर त्या काळात केसांच्या दुसऱ्या कुठल्याही उत्पादनाचं काम घेता येत नाही, आणि त्याची भरपाई मानधनात धरलेली हवी. एआयने तुमची डिजिटल प्रतिकृती बनवण्याची परवानगी तर स्वतंत्र कागदावरच द्या.

उपाशी राहणं ही चूक म्हणायलाही जीव कचरतो. 2006 साली उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस मोंटेव्हिडिओतल्या फॅशन शोदरम्यानच गेली; त्याच वर्षी ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन 21व्या वर्षी अ‍ॅनोरेक्सियाने गेली. त्या वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने 18 पेक्षा कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) असलेल्या मॉडेल्सना रॅम्पवर येऊ दिलं नाही, आणि 2017 पासून फ्रान्समध्ये कामासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पाळी थांबली, चक्कर येऊ लागली, केस गळू लागले, तर बुकरला नाही, डॉक्टरांना फोन करा. ‘अजून दोन सेंटिमीटर कमी कर’ असं सांगणाऱ्या एजन्सीकडून निघायचं असेल, तर नोटीस किती दिवसांची आणि आधीच्या बुकिंगवर कमिशन कुणाचं, हे करारात पाहून लेखी कळवा, थकलेल्या पैशांचा हिशेबही त्याच पत्रात मागा.