एमएस असताना बी-व्हिटॅमिनची गोळी कशी निवडावी

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस (शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असलेल्या पेशंटच्या घरात बी-व्हिटॅमिनची स्ट्रिप नाही, असं सहसा होत नाही. एक डॉक्टरांनी लिहून दिलेली, दुसरी कुण्या पाहुण्याने सुचवलेली, आणि मे महिन्यात अंगातला जीव गेल्यासारखं झालं की गावच्या दवाखान्यात लावलेलं ताकदीचं सलाईन वेगळंच. मी मेडिकलवर बसतो. ‘नसांसाठी चांगली गोळी द्या’ ही मागणी आमच्याकडे रोजची आहे. एमएसच्या पेशंटला मात्र मी आधी हेच सांगतो की नवी गोळी घेण्याआधी पोटात काय काय जातंय ते मोजा. हातापायाला मुंग्या एमएसने येतात, बी१२ कमी पडलं तरी येतात आणि बी६ जास्त झालं तरी येतात. पेशंटला तिन्ही सारख्याच जाणवतात.

आधी रक्त, मग गोळी

बी१२ची तपासणी गोळी सुरू करण्याआधी करून घ्या. एकदा गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली की रिपोर्टमधला आकडा वाढलेलाच येतो, मग मुळात कमतरता होती की नाही हे कळणं अवघड. साधारणपणे एका मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता धरतात. २०० ते ३००च्या मधे असेल तर डॉक्टर होमोसिस्टीनसारखी आणखी एखादी तपासणी सांगू शकतात.

आपल्याकडे ही कमतरता नवलाची नाही. भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी हे सगळं पौष्टिक खरं, पण त्यात बी१२ जवळपास नसतंच. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. माळकरी घरात दूधही चहापुरतंच असेल तर विचारायलाच नको. शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तरीही बी१२ कमी शोषलं जातं. डॉक्टर विचारतील याची वाट न बघता हे स्वतःहून सांगा.

मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकायला बी१२ लागतं आणि एमएसमध्ये हल्ला त्याच आवरणावर होतो. म्हणून कमतरता अंगावर काढू नका. पण पातळी चांगली असताना जादा बी१२ घेतल्याने एमएस थांबतो, असं सिद्ध झालेलं नाही. एमएसचं मूळ औषध सोडून व्हिटॅमिनवर भिस्त ठेवणं तर फार महागात पडतं.

सगळ्या स्ट्रिपा एकत्र मांडा

कपाटातल्या, पर्समधल्या, देवघराशेजारच्या डब्यातल्या, सगळ्या काढा. मागच्या बाजूची बारीक अक्षरं मोबाइलवर फोटो मोठा करून वाचा. नसांच्या दुखण्यासाठीच्या प्रीगाबालिनच्या गोळीतच बऱ्याचदा मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२, घातलेलं असतं. ते असताना वेगळी बी१२ची गोळी कशाला, हे डॉक्टरांना विचारा.

खरी नजर ठेवायची ती ‘पायरिडॉक्सिन’वर. हे बी६. बी-कॉम्प्लेक्समध्ये असतं, नसांच्या गोळीत असतं, ताकदीच्या सिरपमध्येही असतं. कागदावर प्रत्येकातलं मिलिग्रॅम लिहा आणि दिवसाची बेरीज करा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. अमेरिकेत ती १०० आहे. जास्त डोस लांबवर चालला तर संवेदनेच्या नसांना इजा होते, पाय बधीर पडतात, चालताना तोल जातो. एमएसच्या माणसाला वाटतं रोग वाढला, आणि तो आणखी गोळ्या घेतो. बेरीज १२च्या वर गेली तर कागद डॉक्टरांना दाखवा. टीबीच्या औषधासोबत बी६ दिलं असेल तर मात्र ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

केस गळतीच्या गोळ्यांतलं बायोटिनही याच कुटुंबातलं. वाढत जाणाऱ्या एमएससाठी रोज ३०० मिलिग्रॅम बायोटिनवर मोठी आशा होती. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. वर ते थायरॉइडचे आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकवू शकतं. रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांगा आणि किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

फॉलिक ॲसिड एकटंच घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी१२ची कमतरता असेल तर आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

गोळी की इंजेक्शन

कमतरता सौम्य असेल आणि पोट शोषत असेल तर बी१२ची मोठ्या डोसची गोळी बहुतेकांना पुरते. नसांची लक्षणं ठळक असतील किंवा शोषणच बिघडलं असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात. सायनोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन दोन्हींनी कमतरता भरून निघते, त्यामुळे नुसत्या चकचकीत पाकिटासाठी जादा पैसे मोजू नका. जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. इंजेक्शनचं लाल औषध उजेडाने खराब होतं. ॲम्प्यूल खोक्यातच ठेवा.

उन्हाळ्याचं वेगळं

पारा ४२च्या वर गेला की एमएसच्या पेशंटचे पाय जड होतात, नजर धूसर होते. शरीर तापल्यावर इजा झालेल्या नसांतून संदेश नीट जात नाही, त्यामुळे हे होतं. व्हिटॅमिन कमी पडलं म्हणून नाही. मानेवर ओला पंचा, माठाचं पाणी, दुपारी घरात थांबणं, यानेच ते उतरतं. थंडाव्यात बसूनही कमी होत नसेल, किंवा नवीन अशक्तपणा, एका डोळ्याने कमी दिसणं असं चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं तर तो रिलॅप्स, म्हणजे एमएसचा नवा झटका, असू शकतो. त्यावर दिलं जाणारं मिथाइलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड आहे. बी१२चं इंजेक्शन त्याच्या जागी चालत नाही. अशा वेळी सलाईन लावण्यात दिवस घालवू नका. न्यूरोच्या डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जाणार असाल किंवा सोलापूर-पुण्याला, बेरजेचा तो कागद फाइलमध्ये घालून न्या.